कांसात आडवा पडलेला शिरीष

प्रश्न : काका, नमस्कार. आमच्या सोसायटीच्या मागून पावसाळी कांस, म्हणजे पावसाच्या पाण्याचा नाला, जातो आणि पुढे विश्वामित्री नदीला मिळतो. गेल्या आठवड्याच्या वादळात काठावरचा जुना शिरीष मुळासकट उपटून कांसात आडवा पडला. त्याला कुणाच्या छपराचे पत्रे, थर्मोकोल, एक गादी आणि पोतीभर प्लास्टिक अडकले आहे. मंडळी म्हणतात, वर्गणी काढू, रविवारी जेसीबी आणू, सगळे खरवडून काढू आणि काठावरच पेटवून देऊ. पाऊस तोंडावर आला आहे. काय करावे? – एक वाचक, समा, वडोदरा

उत्तर : पेटवायचे तर अजिबात नाही. आणि जेसीबीला रविवारची सुट्टी द्या.

ओव्हरसियर म्हणून माझी नोकरी कांस आणि गरनाळ्यांच्या (रस्त्याखालच्या मोऱ्यांच्या) मागे फिरण्यात गेली, तेव्हा आधी माझीच चूक सांगतो. असाच एक बुंधा मी मशीन लावून मुळासकट ओढून काढला होता. काठ तासून घेतला, झुडपे उडवली. कांस इतका गुळगुळीत झाला की साहेबांनी पाठ थोपटली. श्रावणात त्याच वळणावर काठ खचला आणि एका बंगल्याची कंपाउंड भिंत न्हाणीघरासकट पाण्यात आली. घरच्या आजी मला एवढेच म्हणाल्या, ‘‘भाऊ, त्या मुळांनी आमचं काय वाईट केलं होतं?’’ उत्तर नव्हते. झाड मेले तरी त्याची मुळे काही वर्षे माती धरून ठेवतात. शिवाय गुळगुळीत कांसातून पाणी जोरात धावते आणि पुढच्या वस्तीत जाऊन चढते.

म्हणून खोड कापा, पण मुळे उपटू नका. बुंध्याचा जो भाग काठात रुतून आहे तो तसाच राहू द्या. प्रवाहाला आडवे आलेले तेवढे कापून काढा. एखादा ओंडका काठाला लागून, पाण्याच्या दिशेने पडला असेल आणि खाली गरनाळे जवळ नसेल, तर त्याला हातही लावू नका. त्याच्या आडोशाला मासे राहतात, कासवे वर येऊन ऊन खातात. गरनाळे जवळ असेल तर मात्र दयामाया नको. अलकापुरीच्या गरनाळ्यात पाणी भरलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहे, मोरीच्या तोंडाशी एक ओंडका अडकला तर काय होईल ते वेगळे सांगायला नको.

कापायला मात्र करवतीचा जाणकार माणूसच बोलवा. उपटलेल्या झाडाचे खोड कापले की वजन सुटते आणि मुळांचा गड्डा धाडकन परत उभा राहतो. त्या खड्ड्यात मुले डोकावत असतात, त्यांना आधी हाकला. पाण्यात दाबून वाकलेली फांदी कापताना ती चाबकासारखी उसळते. अडलेल्या ढिगाच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडे जाते तिकडे, कुणी उभे राहायचे नाही. ढीग सुटला की पाणी एकदम येते.

सुरुवात झाडापासून नव्हे, माणसाच्या कचऱ्यापासून करा. पत्रे, गादी, थर्मोकोल काठावरून आकड्याने ओढा. थर्मोकोलचे मणी होण्याआधी ते उचलले पाहिजे, नंतर कोणाच्याही हाती लागत नाही. गॅसचा सिलिंडर किंवा रसायनाचा पिंप दिसला तर लांबूनच फायर ब्रिगेडला फोन करा. निघालेले सगळे त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसच्या गाडीत गेले पाहिजे, काठावर रचलेला ढीग पहिल्याच पुरात पुन्हा कांसात येतो. वॉर्डाला आधी लेखी कळवा, झाड तोडण्याच्या परवानगीचेही तिथेच विचारा. लाकूड जाळण्यापेक्षा खासवाडीच्या स्मशानात विचारून पाहा.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलेच नाही ते : मगर. हा कांस विश्वामित्रीला मिळतो म्हणजे मगरीच्या अंगणातच उतरायचे आहे. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत ती काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, पिल्ले उन्हाळ्याच्या शेवटी किंवा पावसाच्या तोंडावर निघतात. म्हणजे ऐन तुमच्या रविवारी आई घरट्याजवळ असू शकते. काठात तिची बिळेही असतात, जेसीबीच्या दातांनी ती बिळे फुटतात. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार मगर पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा तिचे घरटे मोडणे हा गुन्हा आहे. ऑगस्ट 2024 च्या पुरात वनखात्याने तीन दिवसांत वस्तीतून 24 मगरी पकडल्या होत्या, हे लक्षात असू द्या. आधी वनखात्याच्या माणसाला काठ दाखवा. तोवर मुलेच काय, कुत्रेसुद्धा काठाशी नको.

पाण्यात उतरावे लागलेच तर गमबूट आणि जाड हातमोजे हवेत. पायाला चीर असेल त्याने काठावर बसून चहा करावा. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो. पुढच्या महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरांना ‘पाण्यात उतरलो होतो’ हे आवर्जून सांगा. आधी गोळ्या घ्यायच्या का, तेही त्यांनाच विचारा.

प्रश्न : डभोईकडे आमच्या शेताजवळ छोटे तळे आहे. पुरानंतर त्यात जलपर्णी आणि वाळक्या फांद्या साचल्या आहेत. थंडीत पक्षी येतात. सगळे साफ करू का? – एक वाचक, डभोई तालुका

उत्तर : तुम्ही वढवाण्याच्या शेजारचे! तो तलाव 2021 पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, त्याचे पाहुणे तुमच्याकडेही येत असणार. जलपर्णी काढा, पण पाहुणे यायच्या आधी, आणि एका दिवसात सगळी नको. निम्मे तळे आज, उरलेले पंधरा दिवसांनी. काढलेली जलपर्णी एक रात्र पाण्याच्या अगदी कडेला ठेवा, म्हणजे आत अडकलेले किडे, गोगलगायी, बारके मासे परत पाण्यात जातील. दुसऱ्या दिवशी ती लांब शेतात नेऊन शेणाबरोबर कुजवा. कडेलाच सोडलीत तर पहिल्या सरीला पुन्हा तळ्यात येईल.

पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या फांद्या मात्र ठेवा. पाणकावळे पंख वाळवायला त्यांच्यावरच बसतात, आणि खंड्याला तर अशी बैठक लागतेच. त्या तुम्ही काढल्यात तर तो विजेच्या तारेवर जाऊन बसेल.