प्रेसवर पहिल्यांदा उभा राहणार आहेस, तर हे ऐक

भोसरी-चाकणकडच्या शॉपमध्ये पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनवर, लागलास ना? मग पहिले दोन-चार दिवस उत्पादनाचा आकडा विसर. मशीन नीट बघ. जुन्या की-क्लचच्या (फिरतं चाक लोखंडी चावीने ठोक्याला जोडणाऱ्या) प्रेसची खोड अशी की चावी झिजली की पेडल दाबलं नसतानाही दुसरा ठोका पडतो. आणि एकदा सुटलेला ठोका मध्येच थांबत नाही. त्यामुळे हात डायमध्ये, म्हणजे साच्यात, घालायचाच नाही. ब्लँक (कापलेला पत्र्याचा तुकडा) ठेवायला-काढायला चिमटा किंवा मॅग्नेट वापर.

शिफ्टच्या सुरुवातीला रिकामे ठोके मारून बघ. एका दाबाला दोन ठोके पडले तर मशीन बंद कर आणि मेंटेनन्सवाल्याला बोलव. ‘चालतंय की’ म्हणणारे भेटतीलच. त्यांची बोटं आधी मोजून घे.

दोन बटणांची प्रेस असेल तर एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवायचा शहाणपणा कुणी शिकवेल. शिकू नकोस. दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणूनच ती दोन बटणं आहेत. पेडलवर कव्हर हवंच, नाहीतर वरून पडलेला जॉबसुद्धा ठोका पाडतो. अडकलेला तुकडा काढताना मेन स्विच बंद, फ्लायव्हील (जड फिरतं चाक) पूर्ण थांबलेलं, आणि रॅमखाली, म्हणजे वरून खाली येणाऱ्या भागाखाली, ठोकळा.

हातमोजे पत्र्याच्या धारेसाठी घाल, पण ड्रिलवर गेलास की काढ. मोजा गुंडाळला की हातही ओढला जातो.

ईएसआयचा (सरकारी कामगार विम्याचा) नंबर पहिल्याच आठवड्यात माग, कंत्राटदाराकडे असलास तरी. कामावरच्या इजेला पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं, रजेच्या काळात पगाराच्या ९० टक्के मिळतात. लागलंच तर अपघाताची नोंद त्याच दिवशी करून घे.