सासू-सासरे सहा महिने अटलांटाला येत आहेत. जॉर्जिया राज्यात त्यांना काय दाखवावं?

तुमच्या प्रश्नातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटल्या. सासरे निफाडकडचे शेतकरी आहेत, आणि सासूबाईंना गुडघ्यांमुळे फार चढ-उतार जमत नाही. मुक्काम एप्रिल ते ऑक्टोबर. तेव्हा मत्स्यालय आणि कोकाकोलाचं म्युझियम एखाद्या पावसाळी दिवसासाठी राखून ठेवा. अटलांटातले आपले बहुतेक लोक पाहुणे आले की उत्तरेच्या डोंगरांकडे पळतात. मीही इथे राहते, आणि माझं मत असं की शेतकरी माणसासाठी जॉर्जियाची खरी मजा मेकन शहराच्या खाली आहे. तिकडच्या जत्रा शेतात काय निघालंय त्यावर ठरतात.

एप्रिलमध्येच येत असतील तर सुरुवात व्हिडेलिया गावापासून करा. अटलांटाहून साधारण तीन तास. एप्रिलच्या उत्तरार्धात तिथे कांद्याची जत्रा भरते. हा कांदा डोळ्यांतून पाणी न काढता कच्चा खाता येतो, हे सासऱ्यांना आधी सांगा. ते विश्वास ठेवणार नाहीत. १९३१ साली मोझ कोलमन नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात तिखट कांद्याऐवजी गोड कांदा निघाला. असला कांदा घ्यायला आधी कोणी तयार होईना, पण त्याने नेट धरून ५० पौंडांची गोणी साडेतीन डॉलरला विकली. मंदीच्या त्या काळात हा भाव उत्तम होता. गोडीचं कारण मुख्यतः जमिनीत आहे: वाळूसर माती, तिच्यात गंधक कमी, आणि कांद्याचा तिखटपणा येतो तो गंधकाच्या संयुगांतून. पुढे बाहेरचे कांदेही ‘व्हिडेलिया’ याच नावाने खपायला लागले, तेव्हा १९८६ साली राज्याने कायदाच केला. ठरलेल्या २० काउंट्यांबाहेर (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) पिकलेल्या कांद्याला हे नाव लावता येत नाही. माल बाजारात कधी आणायचा ती तारीखही दर वर्षी राज्याचं कृषी खातं ठरवतं. गावात कांद्याचं छोटं संग्रहालय आहे. काढणी अजूनही मजूर हाताने करतात, कात्रीने पात आणि मुळं छाटतात. पाणी जास्त असल्यामुळे हा कांदा टिकत नाही, म्हणून काही माल प्राणवायू कमी केलेल्या बंद शीतगृहात ठेवतात. निफाडच्या माणसाला कांदाचाळीच्या पुढचा हा प्रकार पाहण्यापेक्षाही त्यावर वाद घालायला जास्त आवडेल. जत्रा चुकली तरी कांदा उन्हाळाभर कुठल्याही दुकानात मिळतो.

जूनमध्ये फोर्ट व्हॅलीकडे पीचच्या बागा. तासा-दीड तासाचा रस्ता आहे, पॅकिंगचा पट्टा चालू असलेला दिसतो, पीचचं आइस्क्रीम मिळतं. राज्य गाड्यांच्या पाट्यांवर पीच मिरवतं खरं, पण पीच कॅलिफोर्निया आणि साउथ कॅरोलायनात जास्त होतात. जॉर्जियाचं खरं पीक भुईमूग. देशातला जवळपास निम्मा भुईमूग इथे होतो, आणि दक्षिणेकडच्या रस्त्यांवर टपऱ्यांमध्ये मिठात उकडलेल्या ओल्या शेंगा मिळतात. सासूबाई तिथून लवकर हलणार नाहीत असा माझा अंदाज आहे.

त्याच शेंगांच्या मुलखात प्लेन्स हे गाव आहे. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर इथले, भुईमुगाचे शेतकरी. लहानपणी ते याच गावात उकडलेल्या शेंगा विकत फिरायचे. लोकवस्ती अवघी काही शेकड्यांत. त्यांची शाळा, वडिलांचं शेत आणि १९७६ च्या प्रचाराचं कार्यालय असलेलं जुनं रेल्वे स्टेशन आता राष्ट्रीय स्मारकात आहे. शेतावर वीज १९३८ मध्ये आली. तोवरचं घर कसं चालायचं हे तिथे बघता येतं, आणि ते तुमच्या सासऱ्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळेल. सप्टेंबरच्या शेवटी इथे शेंगांची जत्रा असते. आता एक गोष्ट जरूर सांगा: कार्टर यांच्या आई लिलियन वयाच्या ६८ व्या वर्षी पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या सेवासंस्थेच्या स्वयंसेविका म्हणून भारतात आल्या आणि १९६६ ते १९६८ या काळात विक्रोळीत गोदरेजच्या वसाहतीत दवाखान्यात काम करत होत्या. आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने हे ऐकून आधी “आपलं विक्रोळी?” असंच विचारलं आहे.

प्लेन्सपासून पश्चिमेला तासाभरात लम्पकिन गावाजवळ प्रॉव्हिडन्स कॅन्यन लागते. लोक तिला ‘छोटी ग्रँड कॅन्यन’ म्हणतात, पण ती नदीने कोरलेली नाही. एकोणिसाव्या शतकात कापसासाठी जंगल तोडलं, उतारावर नांगर चालवले, बांध घातलेच नाहीत. १८५० पर्यंत तीन ते पाच फुटांच्या घळी पडल्या होत्या. आज काही ठिकाणी खोली १५० फूट आहे. गुलाबी, नारिंगी, पांढऱ्या मातीचे थर फार देखणे दिसतात, आणि फोटो काढताना हे एका बिघडलेल्या शेताचं दृश्य आहे हे विसरायला होतं. खाली उतरायची गरज नाही, कडेवरून चांगलं दिसतं. माझ्या मते राज्यातली ही सगळ्यात बोलकी जागा. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र जाऊ नका. एकतर दमट ऊन, आणि मेकनच्या खाली चिलटं इतकी की बोलताना तोंडात जातात.

सव्हाना आणि किनाऱ्याबद्दल तुम्हाला कोणीही सांगेल, म्हणून थोडक्यात: सव्हाना १७३३ मध्ये आखलेलं शहर, चौकाचौकांत ओकची सावली, दर थोड्या अंतरावर बाकडी. गुडघ्यांसाठी आदर्श. व्हिडेलियाहून दीड-दोन तास, दोन्ही एकत्र करा.

ऑक्टोबरमध्ये मग उत्तरेला. एलिजे गावात सफरचंदांची जत्रा असते, डलॉनिगा गावात ‘गोल्ड रश डेज’ नावाची. कॅलिफोर्नियाच्या वीस वर्षं आधी, १८२९ च्या सुमारास इथे सोन्यासाठी झुंबड उडाली. १८३८ ते १८६१ या काळात गावात सरकारी टांकसाळही होती. पर्यटकांना परातीत वाळू देऊन सोन्याचे कण शोधायला लावतात. सराफकट्ट्याची माती धुणारे आपले झारेकरी आठवतात. जमीन इथल्या मूळ रहिवासी चेरोकी लोकांची होती हे जत्रेत फार ऐकू येत नाही. सोनं सापडल्यावर राज्याने ती सोडत काढून गोऱ्यांना वाटली आणि १८३८ मध्ये लष्कराने चेरोकींना पश्चिमेला हाकललं. वाटेत हजारो मेले. कॅलहूनजवळ न्यू एकोटा ही त्यांची राजधानी जपली आहे. स्वतःच्या लिपीत १८२८ पासून वर्तमानपत्र छापणाऱ्या लोकांना इथून घालवलं हे तिथला छापखाना बघितल्यावर जास्त लागतं. डलॉनिगाला जाणार असाल तर याच फेरीत तिथेही जा.

डोंगरांतला धबधबा हवाच असेल तर अमिकलोला, ७२९ फूट. सहाशे पायऱ्या बघून घाबरू नका. वेस्ट रिज बाजूला गाडी लावली की सपाट वाटेने थेट मधल्या पुलावर पोचता येतं. हेलन या नकली जर्मन गावाला मी वगळेन. मुलं बरोबर असतील आणि नदीत ट्यूबवर तरंगायचं असेल तरच जा.

अटलांटातच एक सकाळ ऑबर्न अव्हेन्यूला मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मारकासाठी ठेवा. प्रवेश फुकट, आणि दारात गांधीजींचा पुतळा आहे. स्टोन माउंटनचा ग्रॅनाइटचा डोंगर त्यानंतर दाखवा. डोंगरावर कोरलेले तीन घोडेस्वार अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या बाजूचे नेते आहेत, आणि हे कोरीवकाम पूर्ण झालं १९७२ साली, किंग यांच्या हत्येनंतर चार वर्षांनी. हे माहीत असलं की त्या डोंगराकडे नुसतं सहलीची जागा म्हणून बघवत नाही.

खाण्याचं: छोट्या गावांत घेवडा आणि पालेभाजीसुद्धा डुकराचं मांस घालून शिजवतात, म्हणून शाकाहारी असाल तर दर वेळी विचारा आणि दशम्या बरोबर ठेवा. स्टेट पार्कचा पार्किंग पास सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तकासारखा नेता येतो. ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी डोंगरांकडच्या खोल्या आयत्या वेळी मिळत नाहीत. जुलैतच धरून ठेवा, आणि शक्य असेल तर तळमजल्यावरची मागा.