आजी सिनेमात का बोलते

प्रिय रेवा,

डिसेंबरात नागपूरहून जर्मनीला परत आलो, त्या रात्री ट्राममध्ये तू मला विचारलं होतंस, "बाबा, आजी सिनेमात सगळं बोलून का दाखवते? मराठी लोक असंच करतात का?" मी प्रवासाने थकलो होतो. "सवय आहे तिची," एवढंच म्हणालो आणि बॅगा मोजायला लागलो. ते उत्तर अर्धवट होतं. तीन महिने झाले, पण वर्धा रोडवरच्या त्या मॉलमध्ये खुर्चीत खाली खाली सरकलेली तू मला अजून दिसतेस. म्हणून आज सगळं लिहितो. काही शब्द अडले तर खूण करून ठेव, रविवारी एकत्र वाचू.

आधी माझ्या आजीबद्दल, म्हणजे तुझ्या पणजीबद्दल सांगतो. आम्ही तिला माय म्हणायचो. नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या घरात मी जन्मलो तेव्हा तिची एक नजर गेलेली होती आणि मी शाळेत जायला लागेपर्यंत दुसरीही गेली. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून आतली नस मरत जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूसारखं ऑपरेशन केलं आणि दिसायला लागलं, असं त्यात होत नाही. मायला खिडकी कुठे आहे एवढं कळायचं. उजेड आणि अंधार, बस.

पण मायला सिनेमा भयंकर आवडायचा. लहानपणी तिने प्रभातचा 'संत तुकाराम' पाहिला होता. तो १९३६ सालचा. त्यातल्या विष्णुपंत पागनीसांना लोक खरे तुकोबा समजून हात जोडायचे, असं ती सांगायची, आणि सांगताना तिचेही हात जुळलेले असायचे. नजर गेल्यावर घरातल्या सगळ्यांनी धरून चाललं की आता मायचा सिनेमा संपला. ती स्वतः कधी काही म्हणाली नाही. एके दिवशी तुझ्या आजीनेच, म्हणजे माझ्या आईने, विचारलं, "आत्याबाई, येता का टॉकीजला?" आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणत. माय म्हणाली, "मी येऊन काय करू वं? तिथं काय दिसते मले?" आजी म्हणाली, "मी सांगतो नं."

हो, "सांगतो". आजी स्वतःबद्दलही "करतो, जातो" म्हणते, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तिच्या बाजूच्या बायका असंच बोलतात. ते चुकीचं मराठी नाही.

नागपुरात सिनेमा प्रामुख्याने उन्हाळ्यात बघायचा, हे तुला आत्ता समजणार नाही, कारण तू नागपूर फक्त डिसेंबरात पाहिलंयस. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. दुपारी रस्ते ओस पडतात. अशा दुपारी आम्ही बाराच्या खेळाला निघायचो, कारण घरातल्यापेक्षा टॉकीजमध्ये गार असायचं. भिंतीतले मोठाले कूलर, ओल्या वाळ्याचा वास, आणि आत शिरल्याबरोबर घामावर बसणारा तो पहिला गार झोत. सायकलरिक्षाला टप ओढलेला, आजी आणि माय सीटवर, मी त्यांच्या पायाशी, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. लू लागू नये म्हणून प्रत्येकाजवळ एक कांदा असायचा. माझा चड्डीच्या खिशात. पाणी फिरकीच्या तांब्यातून. पंचशील, आनंद, जानकी, लिबर्टी, स्मृती, अलंकार, ही नावं मी शाळेच्या पुस्तकातल्या नद्यांच्या आधी शिकलो. लोहापुलाजवळचं आनंद, सदरमधलं लिबर्टी, असा मायच्या डोक्यात पूर्ण नकाशा होता. रिक्षा कुठे वळली यावरून ती सांगायची, "आज पंचशीलले चाललो."

आत गेल्यावर बसण्याची रीत ठरलेली. मायचा डावा कान चांगला होता, म्हणून ती नेहमी आजीच्या उजव्या हाताला बसायची. डावीकडे मी. दिवे गेले की आजी पदर सावरून मायच्या कानाशी झुकायची आणि तीन तास तशीच राहायची. घरी आल्यावर तिची मान दुखायची.

तुला वाटेल, शेजारच्याला सिनेमा सांगणं यात काय एवढं. करून बघ. पहिल्या दोन-तीन सिनेमांत आजी फार बोलायची. संवाद चालू असताना बोलायची, मग मायला ना तिचं ऐकू येई ना पडद्यावरचं. हळूहळू तिला हिशेब जमला. माणसं बोलतात तेव्हा आपण गप्प, ती गप्प झाली की आपण. दार वाजलेलं मायलाही ऐकू येतं, आत कोण आलं तेवढं सांगायचं. गाण्याच्या मुखड्यावर बोलायचं नाही, मधल्या संगीतात कपडे आणि जागा सांगून टाकायची. सगळ्यात अवघड म्हणजे तोंडं. सिनेमात माणसं कितीतरी गोष्टी न बोलता करतात, नुसती बघतात. मायला नेमकं तेच हवं असायचं. "तोंड कसं केलं त्यानं?" ती विचारायची. आजी म्हणायची, "मोरीतून वहिनीचा आवाज आल्यावर तुमचा लेक करतो, तसं." मायला लगेच समजायचं.

एका गाण्यात मायने विचारलं, "कुठं नाचून राहिले हे?"

"काश्मीर आहे. बर्फ पडून राहिला."

"अंगात स्वेटर हाये का तिच्या?"

"त्याच्या आहे. तिच्या नाही. तिची पातळ साडी आहे, पिवळी."

"माय वं," म्हणून मायने स्वतःचाच पदर घट्ट ओढून घेतला होता. बाहेर ४५ डिग्री होतं, रेवा.

पुढच्या रांगेतलं कोणी ना कोणी "ओ बाई" म्हणत मागे वळायचंच. मग डोअरकीपरच्या बॅटरीच्या उजेडात त्यांना मायचे डोळे दिसत, आणि ते परत पुढे बघत. सगळेच नाही. एकदा एक गृहस्थ चिडून उठून दुसरीकडे जाऊन बसले. त्यांनी तिकिटाचे पैसे दिले होते, त्यांचंही चूक नव्हतं. आजी त्या दिवशी मध्यंतरापर्यंत अगदी श्वासाएवढ्या आवाजात बोलत राहिली. पण बोलायची थांबली नाही.

आता जे सांगतो ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

१९९१ साली 'माहेरची साडी' आला. अलका कुबल नायिका. सासरी छळ सोसणाऱ्या सुनेची गोष्ट. गावोगावच्या बायका बैलगाड्या, ट्रॅक्टर करून तो बघायला जात होत्या. नागपुरात हिंदी सिनेमाचं राज्य. १९५६ पर्यंत नागपूर आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी आमच्या अंगवळणी पडलेली. मराठी सिनेमाला एवढी गर्दी मी त्याआधी पाहिली नव्हती. मी तेरा वर्षांचा होतो आणि बायकांच्या सिनेमाला जायची मला लाज वाटत होती, पण मायचा दुसरा हात धरायला कोणीतरी लागायचं.

सिनेमातली सासू सुनेला छळायला लागली आणि आजी गप्प झाली. विचार कर, पडद्यावरची सासू काय करते आहे, ते तिला स्वतःच्या सासूच्या कानात सांगायचं होतं. मायने कोपराने ढोसलं. "सांग नं वं. काय करून राहिली ते?"

"रागावून राहिली," आजी म्हणाली.

मायला ऐकू येत होतंच. सगळं थिएटर हुंदके देत होतं. थोड्या वेळाने तिने परत विचारलं, आणि मग आजीने सांगितलं. जसं दिसत होतं तसं, काही न गाळता, शेवटपर्यंत.

परत येताना रिक्षात दोघी बराच वेळ बोलल्या नाहीत. बडकस चौकाच्या अलीकडे माय म्हणाली, "मी अशी होती का वं?"

मी त्यांच्या पायाशी बसलो होतो. मला वर बघायचा धीर झाला नाही.

आजी म्हणाली, "चहावरून बोलत होत्या तुम्ही. लय बोलत होत्या. हात नाही लावला कधी."

रिक्षा थोडी पुढे गेली. माय म्हणाली, "चहावरून बोलत होती, हे खरं हाये."

घरी मी त्या दोघींना असं बोलताना कधी ऐकलं नाही. स्वयंपाकघरात त्यांचं बोलणं म्हणजे मीठ, दूध, कुकरच्या शिट्ट्या. एकमेकींच्या इतक्या जवळ त्या फक्त टॉकीजमध्ये बसायच्या. माय १९९६ साली गेली. त्यानंतर आजी दोन वर्षं सिनेमाला गेली नाही.

तू विचारलंस, मराठी लोक असंच करतात का. सगळे नाही करत. पण सिनेमात शेजारी बोलून दाखवणारं माणूस ही गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लागला तेव्हा सिनेमाला आवाज नव्हता. मधे मधे अक्षरांच्या पाट्या यायच्या, आणि पुष्कळ प्रेक्षकांना वाचता येत नसे. मग कोणीतरी त्या पाट्या मोठ्याने वाचायचं. पुढे १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, त्यानंतरच्या वर्षी मराठीत 'अयोध्येचा राजा', आणि सिनेमा स्वतःच बोलायला लागला. बोलपटांच्या थिएटरला तेव्हा टॉकीज नाव पडलं ते आमच्या नागपुरात अजून टिकून आहे. ऑटोवाल्याने टॉकीज म्हटल्यावर तू मला अर्थ विचारला होतास, तो हा.

आणि ज्यांना दिसत नाही अशा प्रेक्षकांसाठी कानात वर्णन ऐकवायची सोय इथे जर्मनीत आहे, हे तुला ठाऊक आहे. भारतातही मार्च २०२४ मध्ये सरकारने त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ते वाचलं त्या दिवशी मला आजीची दुखरी मान आठवली.

आता डिसेंबरचं. इथे मी चुकलो, आणि ते तुला कळायला हवं. सिनेमाला निघायच्या आधी आजीने मला स्वयंपाकघरात विचारलं होतं, "रेवाले समजते का सगळं मराठी?" मी म्हणालो, "घरचं समजतं. भराभर बोललं की अडतं." ती हं म्हणाली, आणि आत गेल्यावर तुला मुद्दाम स्वतःच्या उजव्या हाताला बसवलं. तुला वाटलं ती सवयीने पुटपुटते आहे. मीही तेच म्हणालो. ती सवय नव्हती. ती तुला सांगत होती. संवाद चालू असताना ती गप्प होती, आठवून बघ.

आणि पुढची मुलं दुसऱ्यांदा मागे वळली तेव्हा मी वाकून म्हणालो, "आई, हळू." मी याहून काही बोललो नाही, पण ती त्यानंतर एक शब्द बोलली नाही. सिनेमा संपल्यावर तू मला विचारलंस, सिनेमातला तो मुलगा शेवटी गावी परत का गेला, आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरं तर मला नीट माहीत नव्हतं. मी फोनमध्ये होतो.

पुढच्या वेळी शेवटच्या रांगेतली कोपऱ्यातली तिकिटं काढू, म्हणजे कोणाला त्रास होणार नाही. पण त्याला अजून वर्ष आहे. या रविवारी आजीला फोन लाव. मी तिला आधी काही सांगणार नाही. तूच विचार, तो मुलगा गावी परत का गेला, आणि जाताना त्याने तोंड कसं केलं होतं.

तुझा,
बाबा