जुन्या व्हॅनचा ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालतो आणि हीटर बंद असूनही गरम हवा येते, काय करावे?

खालचे वेग बंद पडून फक्त शेवटचा उरला असेल, तर बहुधा ब्लोअरचा रेझिस्टर, म्हणजे करंट अडवून पंख्याचे खालचे वेग देणारा भाग, जळलेला असतो. परंतु तो बदलण्यापूर्वी मोटर काढून पंखा हाताने फिरवून पाहावा, कारण जड फिरणारी मोटर जास्त करंट ओढते आणि नवा रेझिस्टरही जाळते. आमच्या सोलापुरात चादरी-टॉवेलची ने-आण करणाऱ्या माझ्या व्हॅनच्या पंख्यात सुताच्या तुसाचा बोटभर थर निघाला होता.

गरम हवेसाठी हीटरच्या व्हॉल्व्हची, म्हणजे गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) हीटरकडे सोडणाऱ्या झडपेची, केबल तपासावी; ती क्लिपमधून निसटली की व्हॉल्व्ह उघडाच राहतो, आणि सोलापूरच्या मे महिन्यात त्याचा त्रास वेगळा सांगायला नको. कूलंटच्या नळ्यांना मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच हात लावावा.