ड्रेसिंगचे तेल आणि जेवणाची गोडी

प्रश्न : आरोग्यदायी पदार्थ देणाऱ्या माझ्या आवडत्या रेस्टॉरंटमध्ये मी दर आठवड्याला जेवायला जाते. तेथील सॅलड, सूप आणि ताजे रस मला मनापासून आवडतात. मात्र सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये पुष्कळ तेल असते, असे एका मैत्रिणीने सांगितल्यापासून प्रत्येक घासाला मनात कॅलरींचा हिशेब सुरू होतो आणि जेवणाची गोडीच जाते. ड्रेसिंग पूर्णपणे बंद करावे का?

उत्तर : बंद करू नये. मैत्रिणीचे म्हणणे खोटे नाही; एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १४ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि १२० कॅलरी, आणि सॅलडच्या मोठ्या वाडग्यात असे दोन-तीन चमचे सहज जिरून जातात. परंतु गाजरातील आणि हिरव्या पानांतील कॅरोटिन, तसेच ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्ध पदार्थांत विरघळणारी असल्यामुळे, सोबत थोडे तेल असले की शरीर ती अधिक चांगल्या प्रकारे शोषून घेते. कोरडे सॅलड खाऊन आपण चव आणि पोषण दोन्हींना मुकतो. ड्रेसिंग वेगळ्या वाटीत मागवा आणि पानांना जेमतेम लागेल एवढेच घ्या.

माझ्या मते तेलापेक्षा रसाकडे अधिक लक्ष द्यायला हवे. फळांचा रस गाळताना चोथ्याबरोबर तंतुमय पदार्थही बहुतांशी निघून जातात. म्हणूनच वरून साखर घातली नसली तरी रसातील साखरेची गणना जागतिक आरोग्य संघटना मर्यादित ठेवण्याच्या साखरेतच करते. त्याऐवजी अख्खे फळ खाणे केव्हाही उत्तम. सूपच्या बाबतीत मिठाचे प्रमाण विचारून घ्यावे, कारण प्रौढांसाठी दिवसभराची शिफारस ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे.

आता हिशेबाविषयी. जे काही ठरवायचे ते पदार्थ मागवतानाच ठरवावे आणि ताट समोर आल्यावर तो विषय संपवावा. पोट भरल्याची जाणीव होण्यास साधारणपणे २० मिनिटे लागतात, त्यामुळे सावकाश, गप्पा मारत, चव घेत जेवणाऱ्याला कोठे थांबायचे हे बहुधा आपोआप कळते. मनात बेरीज करत भराभर जेवणाऱ्याला मात्र ते कळत नाही. भाज्या तुम्हाला आवडतात, ही गोष्ट मी फार मोलाची मानते, कारण नावडते अन्न केवळ आरोग्यासाठी म्हणून वर्षानुवर्षे खात राहणे फारच थोड्यांना जमते.

एक गोष्ट मात्र तपासून पाहा. हा हिशेब घरच्या जेवणातही पाठ सोडत नसेल, किंवा त्यापायी तुम्ही जेवण टाळू लागला असाल, तर आहारतज्ज्ञांशी आणि गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञांशी अवश्य बोला.