बोअरमधे प्रेशरमीटर टाकायच्या आधी
भाऊ, नवीन आहेस म्हणून सांगतो, मशीनच्या आधी बोअरकडे पाय. प्रेशरमीटर पाण्यानं रबर फुगवून बाजूची माती किती दाब सहन करते ते मोजते, बोअरच सैल झाला तर निम्मं पाणी पोकळी भरण्यातच जाते अन आकडे बेकार निघतात. आपली काळी माती पाणी पेली का फुगते, म्हणून बोअर झाला का लगेच टेस्ट घे, रातभर उघडा ठेवूच नको. कॅलिब्रेशन (मशीनचा स्वतःचा फरक तपासणं) दोन्ही पायजे, एकदा मोकळ्या हवेत अन एकदा जाड लोखंडी पाइपात, दुसरं लोक टाळतात, ते टाळू नको.

एसपीटीत (हातोड्यानं नळी ठोकून माती किती कडक ते पायाची टेस्ट) ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरूनच पडला पायजे, दोर ओढणारा पोरगा दुपारच्या उन्हात थकते, उंची कमी होते अन ठोके उगाच वाढतात, मंग पोची माती बी कडक दिसते, म्हणून खडूची खूण कर अन स्वतः उभा राय. पहिले १५ सेंटीमीटर सोड, पुढच्या ३० चे ठोके धर.

काळा पत्थर लागला का कोअर (पत्थराचा गोल दांडा) काढ, आरक्यूडीले (पत्थर किती अखंड त्याचा टक्का) १० सेंटीमीटर अन वरचेच तुकडे मोज, ड्रिलिंगनं ताजे तुटलेले जोडून घे, अन खोली डब्यावर तिथंच लिही.