बाव आटल्याची तारीख

चि. बाय, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. "कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथं कसला दुष्काळ? विषय बदल, मराठवाडा घे," असं कुणीतरी तुला कोकणातल्या दुष्काळावरच्या तुझ्या प्रबंधाबद्दल सांगितलं आणि तू महिनाभर वही उघडली नाहीस. हे कळलं तेव्हा आधी वाईट वाटलं, मग रागच आला. तुझी आई वैशाखात पहाटे चारला उठून पऱ्यात, म्हणजे आटलेल्या ओढ्यात, खणलेल्या डवऱ्यावर पाण्यासाठी नंबर लावते. तिच्या मुलीनं दुष्काळ आहे की नाही हे दुसऱ्याला विचारावं?

विषय बदलू नकोस. पण नुसतं "कोकणात पण दुष्काळ असतो हो" असं म्हणत बसलीस तर कुणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये. तारीख लिही. बाव, म्हणजे विहीर, कधी आटली, पहिला टँकर कधी आला, भाताच्या रोपांचा तरवा कधी करपला, दुसऱ्यांदा पेरायला बियाणं कुठून आणलं, तारखेसकट लिही.

आपल्या सड्याखाली जांभा आहे आणि जांभा पाणी धरत नाही. आषाढात बावीतलं पाणी ओणवं होऊन तांब्यानं घ्यावं, चैत्रात तळाचा दगड उघडा पडतो. नद्या सह्याद्रीतून निघतात आणि बघता बघता खाडीला मिळतात, मध्ये थांबायला जागाच नाही. पोफळीला वीज करून सोडलेलं कोयनेचं पाणीसुद्धा वाशिष्ठीतून समुद्राला जातं. वर्षाच्या बेरजेत आपण श्रीमंत, चैत्र-वैशाखाच्या हिशेबात भिकारी. पावसाआधी कोरड्या मातीत धूळवाफेनं पेरलं आणि मृगानं पंधरा दिवस ओढ दिली की तरवा पिवळा पडतो. मग खायच्या भातातून बियाणं काढायचं. पुढे श्रावण धो धो कोसळतो, सरासरी भरून निघते, आणि कागदावर ते साल चांगलं ठरतं. पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, पन्नासच्या आत आली तर दुष्काळ, नाहीतर नाही, असाच हिशेब वर्षानुवर्षं चालला. ज्या घरानं जूनमध्ये बियाण्यासाठी कणगी रिकामी केली त्याचा जून कुठल्या कागदावर आहे, सांग बरं.

पूर्वी तर वरून सारा वसूल करणारा खोत होता. भाताचं अर्धेल म्हणजे अर्धा वाटा, वरकस म्हणजे डोंगरउताराच्या जमिनीचं तिर्धेल म्हणजे तिसरा वाटा त्याला घालून उरेल ते कुळाचं. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं जमीन कसायची नाही म्हणून संप केला, तो कशापायी, हे तुझ्या प्रबंधात यायला हवं. मुंबईच्या गिरण्यांत गेलेले आपले पुरुष आणि मनीऑर्डरवर चाललेली घरं हाही याच गोष्टीचा भाग आहे. कोकणानं भूक मुंबईला पाठवली म्हणून ती इथं दिसली नाही.

आता देशावरचं ऐक, कारण तेही तुला लिहावं लागेल. १८७६ ते ७८ चा दुष्काळ. सरकारनं दुष्काळी कामावरची मजुरी उतरवून पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा केली. अंगमेहनत करणाऱ्याला एक पौंड! लोकांनी कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्या वेळी काय केलं? माहिती गोळा केली आणि सरकारपुढे लेखी मांडत राहिली. शिरढोणचा, म्हणजे आपल्याच कोकणातला वासुदेव बळवंत फडके नोकरीतला माणूस. तो दुष्काळी मुलुखात हिंडला, जे पाहिलं त्यानं पेटला, आणि १८७९ मध्ये बंड केलं. त्याच्या हातचं लिखाण सरकारनं पकडलं आणि त्याच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरलं. तो १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात वारला. पण त्या दुष्काळाबद्दल एका कोकण्याला काय वाटलं हे आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यानं लिहिलं. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळाचे नियम झाले. १८९६ मध्ये दुष्काळ आला तेव्हा टिळकांचा 'केसरी' शेतकऱ्यांना तेच नियम समजावून सांगत होता, की सूट मागा, तुमचा हक्क आहे. कागदावर आलेलं असतं तेच पुढच्या पिढीला मागता येतं. म्हणून म्हणतो, तारीख लिही.

हे मी तुला एवढं रेटून का सांगतो तेही सांगतो. १९७३ चा उन्हाळा. मी एकोणीस वर्षांचा. नगर जिल्ह्यात एका दुष्काळी कामावर हजेरी लिहायला लागलो होतो. त्या मे महिन्यात राज्यभर पन्नास लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. रस्त्याची खडी फोडायची, आठवड्याला मापं घ्यायची, ब्रासवर पैसे. खायला मिलो ज्वारी आणि सुकडी. एक बाई होती, चाळिशीची असेल. लुगड्याच्या चिंध्या तळव्यांना गुंडाळून हातोडी धरायची, आणि संध्याकाळी त्या सोडताना कातडी सोबत यायची. एक दिवस मापं घेताना तिनं मला क्रमानं सांगितलं. आधी शेरडं विकली, मग गाय, मग तांब्याचा हंडा, शेवटी बैलजोडी. म्हणाली, "बैल बी लिवा की, बाबू." मी म्हणालो, "त्याला मस्टरवर, या हजेरीपटावर, रकाना नाही."

बाये, मस्टरच्या मागची बाजू कोरी होती.

मी लिहिलं नाही. वरिष्ठांनी सांगितलं होतं की हजेरीपलीकडे काही नको, आणि नोकरी हवी होती, घरी पैसे पाठवायचे होते. हे खरं आहे आणि तरी ते पुरत नाही. त्या कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ साली. चांगलं झालं. त्या बाईच्या बैलांचा उल्लेख मात्र कुठंच नाही, आणि मलाही आता तिचं नाव आठवत नाही.

दुसरी चूक घरातली. माझे वडील पडवीच्या भिंतीवर कोळशानं खूण करायचे, बाव ज्या दिवशी तळाला गेली त्या दिवशी. बेचाळीस सालापासूनच्या खुणा होत्या. चौऱ्याऐंशीला बहिणीच्या लग्नासाठी मी ती भिंत रंगवून घेतली. लग्नघर होतं, पाहुणे येणार होते, काळ्या रेघा कशा ठेवायच्या? आजही वाटतं, दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. वडील काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी बाव आटली तेव्हा त्यांनी खूण केली नाही.

ते गेल्यानंतर मी दोर घेतला. दोराला हाताहातावर गाठी, टोकाला दगड. होळी झाली की रोज संध्याकाळी बावीत सोडतो, किती गाठी भिजल्या ते वहीत लिहितो. घरचे म्हणाले, म्हाताऱ्याचा छंद. म्हणू देत. लांज्याला एकदा या वह्या घेऊन टँकरसाठी गेलो. समोरच्या साहेबानं आधी हात झटकले, मग वही उघडली, आणि वाचत राहिला. टँकर त्या वर्षी बारा दिवस आधी आला.

तुला सगळे आकडे पुण्या-मुंबईच्या दप्तरांत शोधायची घाई आहे. जा, शोध, नको म्हणत नाही. पण त्याआधी आपल्या वाडीतल्या नऊ बावींना दोर लाव. प्रत्येक घरातल्या बाईला विचार, पहिला हंडा लांबून कधी आणला. "बरेच दिवस झाले" असं उत्तर घेऊन येऊ नकोस. सण विचार, कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, त्यावरून तारीख काढ. कंटाळा येईल. मला आला होता.

शिमग्याला घरी येशील तेव्हा सरळ माझ्याकडे ये. वह्या माजघरातल्या फडताळात वरच्या कप्प्यात आहेत. ८९ ची अर्धी वाळवीनं खाल्ली आहे, ती हळू उघड. यंदा मला पायऱ्या उतरवत नाहीत, दोर तू सोड, मी वर बसून लिहीन.